संगणकाला आपल्या कामाचे वळण लावताना

आपल्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगणे योग्य होईल. आपण घरून इंग्रजीतून मराठीत अनुवाद आणि मुद्रितशोधन करता. विंडोज ११ असलेला आपला लॅपटॉप फारसा जुना नाही, त्यात ८ जीबी रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी स्मृती) आणि एसएसडी (जलद प्रकारची डिस्क) आहे. तरीही सुरू झाल्यावर बराच वेळ तो कामाला लागत नाही, टाइप करताना कळफलक सारखा नको त्या भाषेत जातो, फाइली वेळेवर सापडत नाहीत आणि दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यातून काही ना काही सूचना डोकावत राहतात. भाच्याने थीम आणि आयकॉन बदलून दिल्यामुळे संगणक देखणा झाला, पण अडचणी होत्या तिथेच राहिल्या. आता एका परिचिताने ‘विंडोज हलके करणारी’ स्क्रिप्ट (संगणकाला ओळीने आज्ञा देणारी फाइल) आणि रजिस्ट्री (विंडोज व प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारा एक प्रोग्रॅम पाठवला आहे. ते चालवावेत का, आणि घरातल्या विंडोज १० च्या जुन्या संगणकावरही हेच बदल करावेत का, असे आपण विचारले आहे.

स्क्रिप्ट आणि रजिस्ट्रीचा प्रोग्रॅम यांपैकी काहीही चालवू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. अशी स्क्रिप्ट प्रशासकाच्या अधिकाराने चालते आणि एका फटक्यात अनेक गोष्टी बदलते: विंडोजसोबत आलेली ॲप्स काढते, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा बंद करते, काही वेळा अपडेट किंवा व्हायरसपासूनचे संरक्षणही थांबवते. महिन्याभराने प्रिंटर चालेनासा झाला किंवा शोध बंद पडला, तर शंभर बदलांपैकी कोणत्या बदलाने ते घडले हे शोधणे अशक्यप्राय होते. नको असलेले ॲप स्टार्ट मेनूत राइट-क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ म्हटले की जाते. त्यासाठी कोणाच्या स्क्रिप्टची गरज नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना तर स्वतः मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. रजिस्ट्रीतल्या काही निरुपयोगी नोंदी काढल्याने वेग वाढत नाही, कारण हजार पानांच्या वहीतल्या चार ओळी खोडून वही हलकी होत नसते. उलट चुकीची ओळ खोडली गेली तर एखादा प्रोग्रॅम किंवा खुद्द विंडोजच अडू शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपले पत्र वाचताना असे जाणवले की आपण सगळ्या त्रासाला ‘संगणक संथ आहे’ असे एकच नाव दिले आहे. प्रत्यक्षात आपल्याला यंत्रासाठी थांबावे लागते तो वेळ थोडा आहे. त्याहून कितीतरी अधिक वेळ खिडक्या बदलण्यात, भाषा बदलण्यात आणि फाइली शोधण्यात जात असावा. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी दोन-तीन दिवस शेजारी एक कागद ठेवावा आणि काम करताना हात जिथे जिथे अडेल तिथे एका शब्दात नोंद करावी. ज्या गोष्टीची नोंद दिवसात दहा वेळा होईल तिथेच बदल करण्यात अर्थ आहे. महिन्यातून एकदा लागणाऱ्या सोयीसाठी सेटिंग्ज पालथ्या घालणे हा छंद म्हणून चांगला असेल, पण त्याने काम सुकर होत नाही.

यंत्राकडून लागणारा विलंब तुलनेने सहज आटोपतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘स्टार्टअप ॲप्स’ या पानावर, आपण लॉग-इन करताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते आणि प्रत्येकाचा सुरुवातीच्या वेळेवर किती भार पडतो हेही तिथे लिहिलेले असते. गप्पांची आणि बैठकांची ॲप्स, संगीताचे ॲप, एखाद्या प्रिंटरचा मदतनीस यांना सकाळी आपल्या आधी हजर राहण्याचे काही कारण नसते. त्यांना ‘डिसेबल’ केल्याने ती काढून टाकली जात नाहीत. आपण उघडू तेव्हा ती पूर्वीसारखीच चालतात. मात्र संरक्षणाचा प्रोग्रॅम, ध्वनी आणि टचपॅडचे मदतनीस, तसेच आपल्या फाइली क्लाउडवर ठेवत असल्यास त्याचा प्रोग्रॅम, यांना हात लावू नये. जे नाव ओळखीचे नाही, ते काय आहे हे कळेपर्यंत तसेच राहू द्यावे.

आपण लिहिले आहे की रोज रात्री संगणक न चुकता बंद करूनही काही दिवसांनी तो जड होतो. याचे एक कारण बहुतेकांना ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोजच्या गाभ्याची त्या वेळची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणजे यंत्र बंद झाले तरी विंडोजची सुरुवात कोऱ्या पाटीवरून होत नाही. टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ पानावर सीपीयू निवडून ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, पाहिल्यास, रोज बंद होणाऱ्या संगणकावरही तिथे अनेक दिवसांचा आकडा दिसू शकतो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. आठवड्यातून एकदा, शक्यतो काम संपवताना, रीस्टार्ट करण्याची सवय लावावी. बरेचसे जडपण तेवढ्याने जाईल.

रॅमविषयीचा एक गैरसमजही इथेच दूर केलेला बरा. ८ जीबीपैकी ६ जीबी वापरात दिसली की अनेकांना धडकी भरते आणि ‘रॅम मोकळी करणारे’ प्रोग्रॅम शोधले जातात. विंडोज मोकळ्या रॅममध्ये पुन्हा लागू शकणारी माहिती हाताशी ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. ती माहिती जबरदस्तीने बाहेर काढली तर पुढच्या क्षणी ती डिस्कवरून पुन्हा आणावी लागते. आपल्या बाबतीत रॅम खाणारा खरा घटक म्हणजे ब्राउझरमध्ये उघडे राहणारे टॅब. वापरात नसलेल्या टॅबना झोपवण्याची सोय एज आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरमध्ये असते. ती चालू आहे ना, एवढे पाहावे. एसएसडीवर बाहेरचा डीफ्रॅगचा, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र लावणारा, प्रोग्रॅम चालवण्याचीही गरज नाही, कारण तिची योग्य ती देखभाल विंडोज ठरावीक काळाने स्वतः करते.

कळफलकाचा त्रास हा माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वात खर्चिक त्रास आहे, कारण तो प्रत्येक परिच्छेदात होतो. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्याखाली ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडून आधी कोणकोणते कळफलक बसवलेले आहेत ते पाहावे. बऱ्याच लॅपटॉपवर इंग्रजीचे दोन-दोन प्रकार आणि त्यावर मराठी असे तीन कळफलक असतात. विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलताना आपण या तिघांमधून फिरत राहतो, त्यामुळे एकदा दाबल्यावर मराठी येईल की दुसरी इंग्रजी, याचा नेम राहत नाही. नको असलेला इंग्रजी कळफलक काढून टाकावा. मराठीसाठीही इनस्क्रिप्ट (प्रत्येक अक्षराची कळ ठरलेला कळफलक) किंवा फोनेटिक (रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी देणारा) यांपैकी एकच ठेवावा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून अंगभूत मिळतो, त्यामुळे त्यासाठी बाहेरचे काही बसवायची गरज उरलेली नाही. ज्यांना रोज हजारो शब्द टाइप करायचे असतात, त्यांनी थोडे दिवस कष्ट सोसून इनस्क्रिप्ट शिकावा असे माझे मत आहे, कारण त्यात अक्षर आणि कळ यांचे नाते ठरलेले असते आणि पर्यायांच्या यादीकडे पाहावे लागत नाही. पण फोनेटिकवर हात बसलेला असेल आणि मुदतीचे काम अंगावर असेल, तर हा बदल आत्ता करू नये.

त्याच ठिकाणी, ‘टायपिंग’ या विभागातील ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये दोन दुर्लक्षित सोयी आहेत. पहिली म्हणजे प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळा कळफलक लक्षात ठेवण्याचा पर्याय. तो निवडला की मसुद्याची खिडकी मराठीत आणि इंग्रजी शब्दकोशाचा ब्राउझर इंग्रजीत राहतो. एकीकडून दुसरीकडे गेल्यावर भाषा आपोआप बदलते. दुसरी सोय म्हणजे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’, जिच्यात प्रत्येक भाषेला स्वतःचा शॉर्टकट देता येतो, उदाहरणार्थ कंट्रोल, शिफ्ट आणि १ म्हणजे इंग्रजी, कंट्रोल, शिफ्ट आणि २ म्हणजे मराठी. अशा शॉर्टकटचा फायदा असा की सध्या कोणती भाषा चालू आहे हे पाहावेच लागत नाही. मराठीचा शॉर्टकट दाबला की मराठीच येते. आपल्या कामाच्या धाटणीला या दोन बदलांतून जेवढे मिळेल, तेवढे मी पुढे सांगत असलेल्या बाकी सगळ्या गोष्टींतून मिळून मिळणार नाही.

खिडक्यांबाबत आपण लिहिले आहे की मूळ मजकूर, मसुदा, शब्दकोश आणि ईमेल यांच्यात सतत ये-जा करावी लागते. मूळ मजकुराची खिडकी निवडून विंडोज की आणि डावा बाण दाबावा, मग मसुद्यासाठी उजवा बाण. दोन्ही पडद्याच्या अर्ध्या-अर्ध्या भागात बसतात. विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि झेड दाबल्यावर आणखी मांडण्या दिसतात. किती दिसतील हे पडद्याच्या आकारावर अवलंबून असते. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र दोनपेक्षा जास्त खिडक्या शेजारी लावू नयेत, कारण ओळी इतक्या आखूड होतात की वाचनाची लय तुटते. शब्दकोश आणि ईमेल यांच्यासाठी विंडोज की, कंट्रोल आणि डी दाबून दुसरा आभासी डेस्कटॉप तयार करावा, आणि विंडोज की व कंट्रोलसह बाण दाबून त्यांच्यात ये-जा करावी. ईमेल दुसऱ्या डेस्कटॉपवर गेल्याने ती उगाच उघडून पाहण्याची ओढही कमी होते, हा अनपेक्षित लाभ.

आल्ट आणि टॅब दाबल्यावर खिडक्यांच्या गर्दीत एज ब्राउझरचे टॅबही दिसत असतील, तर सेटिंग्जमधील ‘मल्टिटास्किंग’ या पानावर जाऊन ते दाखवू नयेत असा पर्याय निवडावा. यादी छोटी झाली की नजर लवकर ठरते. टास्कबारवर रोज लागणारी चार-पाचच ॲप्स ठेवावीत आणि त्यांचा क्रम ठरवून घ्यावा, कारण विंडोज की आणि आकडा दाबला की त्या क्रमांकाचे ॲप उघडते. क्रम बदलत राहिला तर हाताला ही सवय लागत नाही.

कॉपी-पेस्टच्या बाबतीत विंडोज की आणि व्ही हा शॉर्टकट आपण वापरत नाही असे पत्रावरून दिसते. तो पहिल्यांदा दाबल्यावर क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागेचा, इतिहास चालू करण्याची परवानगी विचारली जाते. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात आणि हवी ती निवडून पेस्ट करता येते. संगणक रीस्टार्ट केल्यावर ही यादी रिकामी होते, पण ‘पिन’ केलेल्या नोंदी टिकतात. वारंवार लागणारी पारिभाषिक नावे किंवा ठरावीक वाक्ये पिन करून ठेवावीत. एक खबरदारी मात्र हवी. पासवर्ड कॉपी केला तर तोही या यादीत येऊ शकतो, म्हणून संगणक घरातील इतर कोणी वापरत असल्यास यादी वेळोवेळी पुसावी.

फाइली सापडत नाहीत, या तक्रारीमागे दोन वेगळी कारणे आहेत. आपण कामाचे फोल्डर ‘डी’ ड्राइव्हवर ठेवले आहे आणि विंडोजचा शोध त्यात फार वेळ घेतो, असे आपण लिहिले आहे. विंडोजचा शोध झटपट होतो तो फाइलींच्या आधीच केलेल्या सूचीमुळे, आणि मूळ सेटिंगमध्ये ही सूची डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच केली जाते. आपले ‘डी’वरील फोल्डर तिच्यात नसल्यामुळे प्रत्येक वेळी एकेक फाइल तपासली जाते. स्टार्टमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ शोधून, ‘मॉडिफाय’ या बटणातून ते एकच फोल्डर सूचीत घालावे. संपूर्ण संगणकाची सूची करणारा ‘एन्हान्स्ड’ पर्यायही तिथल्या सेटिंग्जमध्ये आहे, पण आपल्याला त्याची गरज दिसत नाही.

दुसरे कारण नावांचे आहे. ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम खरे’ अशा नावांच्या फाइलींमधून नेमकी फाइल कोणताही संगणक ओळखू शकत नाही. नावाच्या सुरुवातीला तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, जसे २०२५-०३-०९. हाच क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आणि त्याचा व्यवहारातला फायदा असा की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. दिवस आधी लिहिला तर सर्व महिन्यांच्या ९ तारखेच्या फाइली एकत्र येतात. जुन्या फाइलींची नावे एकेक करून बदलू नयेत. नव्या कामापासून ही पद्धत सुरू करावी. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर अशी खोल उतरंडही टाळावी, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम फोल्डरांसह फाइलीचा पूर्ण पत्ता सुमारे २६० अक्षरांपलीकडे गेला की अडतात. चालू कामाचे फोल्डर फाइल एक्सप्लोररच्या ‘क्विक ॲक्सेस’मध्ये पिन करून ठेवावे आणि काम संपले की तिथून काढावे. ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो’मध्ये फाइलीच्या नावाचे शेवटचे टोक, म्हणजे एक्स्टेन्शन, दाखवण्याचा पर्यायही चालू करावा. ते मूळ सेटिंगमध्ये लपवलेले असते, आणि पीडीएफ असल्याचा आव आणणारी फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम आहे हे त्यामुळे कळत नाही. अनोळखी लोकांकडून फाइली स्वीकारणाऱ्या अनुवादकाला हे महाग पडू शकते.

सूचनांचे काम पाच मिनिटांचे आहे. सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये सगळ्या ॲप्सच्या सूचना बंद करून, ज्यांच्याशिवाय खरोखर अडते त्या दोघा-तिघांच्याच चालू कराव्यात, आणि कामाच्या वेळेसाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ची वेळ लावून ठेवावी. ब्राउझरमधून येणाऱ्या जाहिरातवजा सूचना ब्राउझरच्याच सेटिंग्जमध्ये संकेतस्थळांची परवानगी काढून बंद होतात.

रूपाबाबत भाच्याचा उत्साह समजण्यासारखा आहे, पण विंडोजच्या मूळ फाइली बदलून लावलेल्या थीम पुढच्या मोठ्या अपडेटला मोडण्याची शक्यता असते. ती थीम तशी असल्यास काढून विंडोजच्या अंगभूत गडद किंवा फिकट रंगांवर यावे. त्याऐवजी मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना उपयोगी पडतील असे बदल ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात आहेत. ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये ॲनिमेशन आणि पारदर्शकता बंद केल्याने खिडक्या उघडताना होणारे रेंगाळणे थांबते, आणि ‘टेक्स्ट कर्सर’मध्ये कर्सरला रंगीत खूण देता येते, जी लांब पानात आपण कुठे आहोत हे लगेच दाखवते. ‘डिस्प्ले’ विभागातील ‘स्केल’, म्हणजे पडद्यावरील अक्षरांच्या आकाराचे प्रमाण, १०० टक्के असेल तर ते १२५ किंवा १५० करून पाहावे. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा शिरोरेघेच्या वर-खाली दाटीने बसतात, आणि लहान अक्षरात नेमक्या त्याच निसटतात.

बाहेरचे काही बसवायचेच असेल तर फक्त पॉवरटॉइज बसवावे. या नावाची साधने मायक्रोसॉफ्टने पहिल्यांदा विंडोज ९५ साठी काढली होती आणि २०१९ पासून ती मुक्त स्रोत स्वरूपात पुन्हा उपलब्ध झाली आहेत. त्यातली बरीच साधने आपल्याला लागणार नाहीत, म्हणून बसवल्यावर सगळी बंद करून फक्त दोन चालू करावीत. एक ‘ऑल्वेज ऑन टॉप’, ज्याने विंडोज की, कंट्रोल आणि टी दाबताच शब्दकोशाची छोटी खिडकी इतर खिडक्यांच्या वर स्थिर राहते; आणि दुसरे ‘पॉवररीनेम’, ज्याने अनेक फाइलींची नावे एकदम बदलता येतात आणि बदलण्यापूर्वी नवी नावे पाहताही येतात.

हे सर्व एकाच संध्याकाळी करू नये. आधी स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून, ‘सिस्टम प्रोटेक्शन’ बंद असल्यास चालू करावे आणि एक रिस्टोअर पॉइंट घ्यावा. तो विंडोजच्या सेटिंग्ज आणि प्रोग्रॅमसाठी असतो, आपल्या दस्तऐवजांचा बॅकअप नव्हे. दस्तऐवजांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावीच लागेल. मग आठवड्याला एक-दोन बदल करावेत, ज्या कागदावर अडचणी लिहिल्या त्याच कागदावर जुने सेटिंग काय होते हे लिहावे, आणि आठवड्याभरात ज्या बदलाचा उपयोग जाणवला नाही तो परत फिरवावा. सुरुवात कळफलकापासून करावी, पुढे स्टार्टअप ॲप्स, मग फाइलींची सूची. रूपाचे बदल सर्वात शेवटी आले तरी चालेल.

राहिला प्रश्न जुन्या संगणकाचा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहेत, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप किंवा तिचे कार्य करणारी सोय) लागते, ते त्या संगणकात असेल आणि प्रोसेसर विंडोज ११ साठी मान्य असेल तर वरचे बदल विंडोज ११ वर गेल्यानंतर करावेत. नसेल तर त्याच्या सजावटीत वेळ घालवू नये. त्यावरचे जुने अनुवाद आणि पारिभाषिक याद्या आधी लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि बँकेची कामे व ग्राहकांची ईमेल त्या संगणकावर उघडणे थांबवावे.